तार वर, माणसं खाली

४ नोव्हेंबर

निशाणवाले काका, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही आणि मीही तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. दर जानेवारीत आमच्या अप्पांना तुमचं एक कार्ड येतं. "मी बरा आहे. तू?" एवढंच. खाली नावाच्या जागी दोन निशाणं काढलेली. अप्पा ते कार्ड दिवसभर खिशात ठेवतात आणि उत्तर देत नाहीत. मी त्यांची लेक. पत्ता त्या कार्डावरूनच घेतला. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नका. आमचे हे म्हणाले, आण, मी लिहून देतो. मी म्हटलं, तुम्ही लिहिलंत की चार ओळी "सविनय"मध्येच जातील आणि काम राहील बाजूला.

काम असं आहे. अप्पांची छाती गेली आहे. खोकला लागला की खाटेसकट हलतात. डॉक्टरनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, बाई, यांना या थंडीत उबेत ठेवलं नाही तर पुढच्या थंडीची गोष्ट बोलू नका. आणि आमचे अप्पा राहतात कुठे, तर वरच्या मजल्यावर बाहेर गॅलरीत! आत दोन खोल्या आहेत. मी पाळण्यात होते तेव्हा ते लढाईवरून आले, तेव्हापासून घरात झोपले नाहीत. पाऊस असो, वारा असो, ताडपत्री ओढायची आणि पडायचं. आई आत, हे बाहेर. त्यावरून शेजारच्या बायका आईला काय काय बोलायच्या ते मी या कानांनी ऐकलंय. आई गेली तरी हे बाहेरच. नोकरी केली तीही लाकडाच्या वखारीत रखवालदाराची, आणि तिथेही चौकीत बसायचं सोडून फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायचे.

घराखाली आमची लाँड्री आहे. रस्त्यावरून पायऱ्या उतरून जावं लागतं. मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे, पाणी तापवायच्या बॉयलरला लागून. थंडीत तिथे अशी ऊब असते की मांजरं भांडतात जागेसाठी. तिथे मी खाट टाकली, नवी गादी घातली. पण अप्पा पायरी उतरायला तयार नाहीत. मी ओरडून पाहिलं. गोड बोलून पाहिलं, ते मला फारसं जमत नाही. डॉक्टरला दरडावायला लावलं. ते नुसती मान हलवतात.

तुम्ही दोघं एका जहाजावर होतात एवढं मला माहीत आहे. जहाज बुडालं, हे वाचले, आई तेवढंच सांगायची. त्यांनी ज्याचं ऐकावं असं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. तर त्यांना एक खरमरीत पत्र लिहा. आणि मला सांगा, त्या जहाजावर असं काय होतं की माणूस जन्मभर छपराखाली येत नाही?

उत्तर लवकर द्या. मला वाट बघता येत नाही.

अप्पांची लेक


१५ नोव्हेंबर

चिरंजीव मुलीस आशीर्वाद.

तुझ्या अक्षराला हसलो नाही. "काम राहील बाजूला" याला मात्र हसलो. अगदी बापाचं वळण. तो विंचवर होता, म्हणजे पोलादी तार गुंडाळायचा जो मोठा रहाट असतो त्यावर. लाटेनं जहाज उभं राहिलं तरी त्याच्या हातचा दांडा सुटत नसे. आम्ही त्याला घोरपड म्हणायचो.

त्याला पत्र लिहीन, पण माझं तो ऐकेल असं धरून चालू नकोस. मला उत्तर न द्यायला त्याच्याकडे कारण आहे. ते असो. जहाजाचं विचारलंस, ते सांगतो.

आमचं जहाज मुळात लढाईचं नव्हतंच. मासे पकडायचं लाकडी जहाज होतं ते. लढाई लागली तेव्हा आरमारानं घेतलं, राखाडी रंग फासला, बाजूवर आकडा रंगवला, पुढे एक तोफ बसवली. त्या तोफेची शत्रूपेक्षा आम्हालाच जास्त भीती. जाळ्याच्या जागी तार दिली आणि सांगितलं, आता सुरुंग काढा. मासळीचा वास काही शेवटपर्यंत गेला नाही. बंदरात मोठ्या जहाजांवरचे खलाशी आम्हाला बघून नाक धरायचे. पण बाहेर पडायची वेळ आली की तेच आम्हाला पुढे घालायचे.

पाण्यातला सुरुंग म्हणजे लोखंडी गोळा, अंगावर शिंगं, आणि तळाशी बांधून ठेवायला दोर. पाण्याखाली थोड्याच अंतरावर लपून बसलेला. जहाज शिंगाला टेकलं की संपलं. आम्ही मागे लांब तार सोडायचो, तिला कापायचे चिमटे लावलेले. तार दोराला घासली की दोर तुटायचा, गोळा वर यायचा, मग बंदुकीनं लांबून उडवायचा. एक पट्टा झाला की शेजारचा पट्टा, नांगरटीसारखं. पहिलं वर्ष बंदराच्या तोंडाशीच गेलं. रोज सकाळी तोच पट्टा झाडायचा, कारण रात्रीत शत्रू पुन्हा पेरून जायचा. दुसऱ्या वर्षी लांबच्या थंड पाण्यात, मालजहाजांच्या तांड्यापुढे. तिथे आमच्या जोडीचं जहाज गेलं. आमच्याच डोळ्यांदेखत, चहाचा कप खाली ठेवेपर्यंत. तिसऱ्या वर्षी परक्या किनाऱ्यावर फौज उतरायची होती, तेव्हा सगळ्यांच्या पुढे आम्ही. लोक आरमार आरमार म्हणायचे, आम्ही आमच्या जहाजाला केरसुणी म्हणायचो.

मग लढाई संपली. बंदरात दिवे लागले, बँड वाजले, मोठी जहाजं घरी गेली. केरसुणीला सुट्टी नाही. दोन्हीकडच्यांनी जे पेरून ठेवलं होतं ते कुणीतरी काढायला हवं होतं. लढाई संपली हे सुरुंगांना कोण सांगणार?

त्याला उबदार पांघरूण दे. नाक लाल झालं की त्याला थंडी वाजतेय असं समज. तोंडानं तो सांगणार नाही.

निशाणवाला


२४ नोव्हेंबर

काका, नमस्कार.

खरमरीत पत्र मागितलं होतं, तुम्ही समुद्राचा धडा पाठवलात. पण धडा चांगला आहे. दुकानातल्या बायकांना वाचून दाखवला, दोघींनी इस्त्री थांबवून ऐकला आणि एकीनं त्या नादात कुणाच्या तरी शर्टाची कॉलर पिवळी केली.

मग अप्पांना वाचून दाखवला. मासळीच्या वासाशी आले तर म्हणतात, "मासळीचा कसला! त्याच्या मोज्यांचा वास होता तो." म्हणजे तुमच्या. घोरपड म्हटल्यावर तर असे हसले की मला पाठ चोळावी लागली. मी म्हटलं, "अप्पा, सगळा समुद्र झाडून काढलात आणि घरात एकदा केरसुणीला हात लावला नाहीत!" तर म्हणाले, "घरात पट्टे आखलेले नसतात." इतकं बोलणं आमच्यात वर्षभरात होत नाही. पण "मग लढाई संपली" इथे आले आणि त्यांनी कागदावर पंजा ठेवला. पुरे, म्हणाले. भिंतीकडे तोंड केलं.

आता तुम्हाला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. लाँड्री सुरू केली त्या दिवशी सगळे खाली आले, अप्पा वर रस्त्यावरच. आजवर त्यांचा पाय दुकानाला लागलेला नाही. गाठोडं आणायचं झालं तर आणतात, वरच्या पायरीवर ठेवतात, हाक मारतात. आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी येऊन पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहतात. आम्ही एकेक करून वर आलो की प्रत्येकीचं तोंड बघतात. शेवटी मी कुलूप घालून आले की वळतात आणि चालू लागतात. बायका म्हणतात, तुझा बाप पाळत ठेवतो. मला वाटतं, त्यांना लाज वाटते. आरमारातल्या माणसाची लेक दुसऱ्यांचे मळके कपडे धुते. त्यात उतरायचं नाही, पण वरून बघायचं. एकदा मी रागानं म्हटलंसुद्धा, "बघून झालं असेल तर जा आता." गेले.

ते जाऊ दे. लढाई संपल्यावर जहाज बुडालं ते कसं? तेवढं सांगा. आणि खरमरीत पत्राचं विसरू नका. परवा बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय होती.

घोरपडीची लेक


९ डिसेंबर

चिरंजीव मुलीस आशीर्वाद.

लाज नव्हे. माझ्या मोज्यांबद्दल तो खोटं बोलतो, पण लाज धरणारा तो माणूस नव्हे. का उभा राहतो हे मी सांगण्यापेक्षा तू त्याला विचार. एवढंच सांगतो की तसा उभा राहिलेला मी त्याला पूर्वी पाहिलाय.

केरसुणीवर पहिला नियम हा की तार पाण्यात असताना खाली कुणी राहायचं नाही. सुरुंग जहाजाला पोटात लागतो. वर असलेला फार तर पाण्यात फेकला जाईल, खाली असलेल्याला वाट नाही. म्हणून तार सोडायच्या आधी आरोळी व्हायची, "सगळे वर!" इंजिनावरची माणसं सोडून सगळे डेकवर. आचारी पातेल्यासकट वर. तुझा बाप विंचजवळ उभा राहून तोंडं बघायचा. एखादं कमी दिसलं की खाली जाऊन त्याची मानगूट धरून घेऊन यायचा. हे त्याचं काम नव्हतं. कुणी सांगितलेलंही नव्हतं.

काम संपलं, तार गुंडाळून झाली, कप्तानाची खात्री पटली, की दुसरी आरोळी: "तार वर, माणसं खाली!" ती ऐकली की जीव भांड्यात पडायचा. खाली म्हणजे ऊब, कोरडे मोजे, आणि भोपळ्याच्या हातचा चहा. भोपळा म्हणजे आमचा आचारी. डोक्यावर केस नाही, पोटाला माप नाही. तुझ्या बापाचा जिवलग. ही आरोळी झाल्याशिवाय घोरपड खाली उतरायचा नाही, मग बोटं निळी पडोत.

कप्तानाचा आवाज बारीक होता. दोन्ही आरोळ्या मी द्यायचो. दुसऱ्या जहाजांना निरोपाची निशाणं हातानं, आरोळ्या तोंडानं. तेव्हा माझा आवाज पल्याडच्या जहाजाला ऐकू जायचा. पुढे मी आयुष्यभर बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवलं, हातांच्या खुणांनी. तिथे आवाज चढवावा लागत नाही.

शेवटच्या दिवसाचं मला विचारू नकोस. लिहायला घेतो आणि हात थांबतो. तुझ्या बापाला पत्र लिहायचं तेही त्याच कारणानं राहिलं आहे. रागावू नकोस.

निशाणवाला


१८ डिसेंबर

काका,

तुम्ही सांगितलं नाहीत तरी मला कळलं! कपडे पिळता पिळता कळलं, हातातली चादर तशीच टाकून आले लिहायला.

शेवटच्या दिवशी ती दुसरी आरोळी झालीच नाही. बरोबर ना? तार पाण्यात असतानाच जहाज बुडालं. "माणसं खाली" असं अप्पांना कुणी म्हणालंच नाही. म्हणजे हा माणूस अजून कामावर आहे! लढाई संपली, आई गेली, माझे केस पिकले, आणि हे आपले गॅलरीत, आरोळीची वाट बघत. आणि आम्ही त्यांना विक्षिप्त म्हणतोय.

मग सोपं आहे की. आरोळी तुमची होती ना? द्या. कार्डावर एवढंच लिहा, "तार वर, माणसं खाली," आणि खाली तुमची दोन निशाणं. येणं जमलं तर स्वतःच या आणि रस्त्यावरून द्या, आमच्याकडे झोपायची सोय आहे. पण लवकर. त्यांना आता दोन शब्दांमध्ये दम लागतो. मी त्यांच्या पायाशी गरम विटा ठेवते, सकाळी विटा गार आणि पायही गार.

एका ओळीचं काम आहे. हात थांबू देऊ नका.

घोरपडीची लेक


९ जानेवारी

काका,

उत्तर नाही. या वर्षीचं कार्डसुद्धा नाही. तुम्ही आजारी असाल तर माफ करा, नसाल तर मी रागावले आहे. पण आता रागाचं कारण उरलं नाही, कारण तुमचं काम मीच केलं.

नवं वर्ष लागलं आणि अप्पांना ताप चढला. डॉक्टर गॅलरीत उभे राहून, गळपट्टा नाकापर्यंत घेऊन मलाच बोलले. ते गेले आणि मी ठरवलं, बस झालं. भर दुपारी गॅलरीत गेले. म्हटलं, "अप्पा, निशाणवाल्या काकांचं पत्र आलंय. त्यात आरोळी आहे." खोटं बोलले. म्हणाले, "कुठली?" मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि दिली ठोकून, "तार वर, माणसं खाली!" रस्त्यावर सायकलवाला थांबून वर बघायला लागला.

अप्पांनी उठून बसत माझ्याकडे बघितलं. मग हसले. काका, इतकं छान हसले, मी त्यांना तसं हसताना पाहिलेलं नाही. "त्यानं दिली?" म्हणाले. मी म्हटलं, हो. म्हणाले, "बरं झालं. मीच तेवढा राहिलो होतो." मी म्हटलं, "मग चला." तर म्हणतात, "गाठ मारून येतो." ताडपत्रीचा सुटलेला कोपरा होता तो कठड्याला नीट बांधला, मला मदत करू दिली नाही. मग जिना उतरले, रस्त्यावर आले, आणि दुकानाच्या पायऱ्या एकटे, भिंतीला हात लावून उतरले. बायकांनी इस्त्र्या खाली ठेवल्या. एकीला तर रडू आलं. मलाही आलं असतं, पण बॉयलरला कोळसा घालायचा होता.

आता ते खालच्या खोलीत आहेत. ताप उतरला. खोकला निम्म्यावर आला. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही काय जादू केलीत! मी सांगितलं, आरमाराची जादू.

थोडं तऱ्हेवाईक वागतात. आडवे होत नाहीत, खाटेच्या कडेला बसूनच डुलक्या घेतात. चहा दिला की कप दोन्ही हातांत धरतात आणि गार होईस्तोवर धरून ठेवतात, पीत नाहीत. बॉयलर तापला की भिंतीतला नळ ठकठक वाजतो, जुनाच नळ आहे. तर अप्पा भिंतीला हात लावून ऐकतात आणि बोटांनी उलटी ठकठक करतात. त्यानं वाजवलं की यांनी वाजवायचं. दिवसभर चालतं. मी म्हटलं, चला, म्हाताऱ्याला करमणूक झाली.

मी जिंकले, काका. तुम्ही एक ओळ लिहिली असती तर हे डिसेंबरातच झालं असतं.

घोरपडीची लेक


१० जानेवारी

चिरंजीव मुलीस आशीर्वाद.

तुझं डिसेंबरचं पत्र माझ्या टेबलावर आहे. उत्तरं लिहिली आणि फाडली. आज हे फाडणार नाही, कारण तू उतावळी आहेस आणि मला भीती वाटू लागली आहे.

तुझा अंदाज उलटा आहे. त्या दिवशी दुसरी आरोळी झाली होती.

लढाई संपून महिने झाले होते. शेवटचा पट्टा झाडून झाला. तार गुंडाळली. कप्तानानं दुर्बीण फिरवली, मान हलवली, आणि मी आरोळी दिली, "तार वर, माणसं खाली!" त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं, कारण शेवटची होती. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. चूक कुणाची नव्हती. हे मला पुढे अनेकांनी सांगितलं आणि ते खरं आहे. आम्ही आमच्याच झाडलेल्या वाटेनं परत निघालो. माणसं खाली गेली, हसत, ओले मोजे काढत. तारेचं टोक बांधायचं राहिलं होतं म्हणून तुझा बाप मागे थांबला. भोपळ्यानं खालून डोकं बाहेर काढून हाक मारली, "घोरपडे, चहा ओतलाय, गार होईल." तुझा बाप म्हणाला, "गाठ मारून येतो."

एक सुरुंग दोर कुजून आपोआप सुटला होता. कुणाच्याच तारेला न लागता, कुठून तरी वाहत आला होता. तो आमच्या पुढच्या अंगाला लागला.

खाली उतरायच्या तोंडावरचं लोखंडी झाकण वाकून बसलं. आम्ही दोघांनी पहार घालून पाहिली, हातांनी ओढून पाहिलं. खालून ते ठोकत होते. तुझा बाप वरून ठोकून त्यांना सांगत होता की आम्ही आहोत. त्यांनी ठोकायचं, यानं ठोकायचं. मग पाणी डेकवर आलं. कप्तानानं होडीत उतरायला सांगितलं. तुझा बाप झाकणाची कडी सोडेना. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. सोडवली असं म्हणतो, पण दोन मोडली. उजव्या हाताची शेवटची दोन वाकडी आहेत ना, ती. खालून अजून ठोकणं चालू होतं.

म्हणून तो मला उत्तर देत नाही, आणि म्हणून मी दरवर्षी विचारतो. तुझ्या दुकानाशी तो का उभा राहतो ते आता मी सांगायला नको.

तेव्हा माझं ऐक. ती आरोळी त्याला कधी ऐकवू नकोस. तो अवज्ञा करणार नाही, उठून जाईल, आणि कुठे जाईल हे तुला कळणार नाही. त्याला गॅलरीत राहू दे. शेगडी ठेव, ताडपत्री दुहेरी कर. थंडीनं गेला तरी वर जाईल.

निशाणवाला


(टेलिग्राम)

१५ जानेवारी

त्याला वर घे. सगळे वर म्हण. मोठ्यानं म्हण. खाली कुणी नाही असं सांग. आजच.

निशाणवाला


६ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

उत्तराला वेळ लागला. आधी सगळं लिहिते, मग तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

तुमचं पत्र पंधरा तारखेला सकाळी आलं. मला वाटलं, शाबासकी असेल. माझे हात साबणाचे होते. म्हटलं, हात पुसून, निवांत बसून वाचू. कमरेला खोचून ठेवलं. आयुष्यात एवढाच एकदा धीर धरला मी. दुपारी टेलिग्राम आला तेव्हा दोन्ही एकदम वाचली, बॉयलरजवळ उभी राहून. भिंतीतला नळ वाजत होता. आणि आतून अप्पा त्याला उत्तर देत होते.

मी पहिल्यांदा बॉयलर विझवला. बायका म्हणाल्या, अहो, कपडे! मी म्हटलं, खड्ड्यात गेले कपडे. मग खोलीच्या दारात गेले. ते खाटेच्या कडेला बसलेले, मांडीवर गार चहा, एक हात भिंतीला. मी ओरडले, "सगळे वर!" त्यांनी भिंतीवरचा हात काढला नाही. नळ थांबायला थोडा वेळ लागतो. थांबला. मग भिंतीकडे मान वळवून म्हणाले, "आणि हे?" मी म्हटलं, "सगळे वर, अप्पा. खाली कुणी नाही." "बघितलंस?" "मी स्वतः बघितलं." माझ्याकडे असं बघितलं, की मी खोटं बोलतेय हे त्यांना कळतंय. तरी उठले. चढताना मला दंड धरू दिला. वर रस्त्यावर पोहोचल्यावर पुढे हलेनात. वळून उभे राहिले. बायका वर आल्या. आमचे हे गल्ला उघडा टाकून वर आले. प्रत्येकाचं तोंड बघितलं. मग म्हणाले, "चला."

गॅलरीत आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो, कारण कुणी आत गेलं की ते अस्वस्थ व्हायचे. शेजारच्या बायका बघत होत्या. बघू देत म्हटलं, आईला पुरेसं बोलून झालंय त्यांचं. तिथे त्यांनी चहा घेतला. गरम, एका दमात, आणि म्हणाले, "साखर कमी आहे." मी विचारलं, "अप्पा, काकांना तुमचं काय कळवू?" त्यांनी उजवा हात वर धरून ती दोन बोटं बघितली. मी लहानपणी विचारायचे तेव्हा म्हणायचे, दारात सापडली. या वेळी म्हणाले, "लिही त्याला. बोटं बरी आहेत म्हणावं." मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाले, "त्याला पुरेल."

त्या दिवसापासून मीही बाहेर झोपायला लागले, त्यांच्या खाटेशेजारी. दुहेरी ताडपत्री, शेगडी, सगळं केलं. खोकला परत आला. महिना संपायच्या आत गेले. सकाळी, अंगावर ऊन होतं, नाक लाल. मी पांघरूण वर ओढायला गेले तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, बाई, खालीच ठेवलं असतंत तर उन्हाळा बघितला असता त्यांनी. मी म्हटलं, हो, माहीत आहे. त्यांच्याशी वाद घातला नाही. उन्हाळा बघितला असता, भिंतीला हात लावून. तुम्ही लिहिलंत तसं वर गेले. पण काका, ती आरोळी मी दिली नसती तर ते दिवस त्यांच्या वाट्याला आले नसते. माझा आवाज, आणि तुमचं नाव घेऊन. ते हसले होते ना, तेच मला पुन्हा पुन्हा दिसतं. माझ्या बापाला मी खाली पाठवलं आणि तो मला बरं झालं म्हणाला.

आणि तुम्हीही एक ओळ आधी लिहायला हवी होती. हे मी रागानं म्हणत नाही. म्हणायला हवं म्हणून म्हणते. मग आपण दोघं सारखे.

आमच्या यांनी विचारलं, खालच्या खोलीचं काय करायचं. मी तिथे कपड्यांची गाठोडी ठेवते. नळ बदलून घेतला.

काल संध्याकाळी कामाच्या बायका पुढे गेल्या, मी दिवे घालवले, कुलूप घातलं, पायऱ्या चढून वर आले. इतकी वर्षं मी वर यायचे ती मान खाली घालून, त्यांचं तोंड बघायला नको म्हणून. काल मान वर करून आले. पायऱ्यांच्या तोंडाशी कुणी नव्हतं. मी तिथेच वळून उभी राहिले, त्यांच्यासारखी, आणि त्या अंधाऱ्या दुकानाकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "सगळे वर!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

बघू देत.

घोरपडीची लेक